सोमवारी पळणारा कॉम्प्युटर

तपासे हे त्यांचे आडनाव नव्हते. डेपोतल्या लोकांनी ते त्यांना चिकटवले होते आणि पुढे ते इतके पक्के बसले, की निरोपाच्या दिवशी फलकावरही तेच लिहिले गेले आणि खरे आडनाव कंसात आले.

कारण सरळ होते. 'गाडी ओके' असे मेकॅनिकने लिहून दिले, तरी तपासे हातात पाना घेऊन खाली उतरत आणि चाकांचा प्रत्येक नट ठोकून बघत. आवाज खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर गाडी जागची हलत नसे. डिझेलच्या काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. टाकीत काठी बुडवून ते स्वतः पाहत. कंडक्टरने घंटी दिली तरी मागच्या पायरीवर कोणी लोंबकळत नाही ना, हे मान वळवून पाहिल्याशिवाय त्यांचा गिअर पडत नसे. फेरी पाच मिनिटे उशिरा सुटे. मेकॅनिक मनातल्या मनात शिव्या मोजत. पण एकतीस वर्षांत त्यांच्या गाडीखाली एक कोंबडीसुद्धा आली नाही. ही गोष्ट तपासे आपणहून कोणाला सांगत नसत. समोरच्याने विचारावे म्हणून वाट मात्र बघत.

शेवटची दोन वर्षे डोळ्यांच्या डॉक्टरांनी खाल्ली. मोठी गाडी चालवायची नाही, असे त्यांनी लिहून दिले आणि तपासे डेपोच्या खिडकीत बसून वेळापत्रकांवर शिक्के मारू लागले. निवृत्त होऊन घरी बसल्यावर त्यांचा उजवा पाय जेवतानाही टेबलाखाली ब्रेक दाबत असे, असे त्यांची बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे.

तेव्हा मुलीने आणि जावयाने मिळून त्यांना एक कॉम्प्युटर आणून दिला. साधासुधा नव्हे. जावयाचे कॉम्प्युटरच्या गल्लीत कोपऱ्यावर छोटेसे दुकान होते. सुटे भाग जोडून मशीन बांधून द्यायची, हा त्याचा धंदा. दुकानावर धड पाटीही नव्हती. एकाने दुसऱ्याला सांगायचे आणि दुसऱ्याने यायचे, अशीच सगळी गिऱ्हाइकी. सासऱ्यासाठी त्याने गल्लीत मिळेल त्यातले उत्तम ते वेचून आणले. काचेच्या कुशीतून निळा उजेड टाकणारे काळे कॅबिनेट, किंचित वाकलेला रुंद पडदा, खऱ्यासारखे स्टिअरिंग आणि तीन लोखंडी पेडल. सगळ्यात भारी होते ते ग्राफिक कार्ड, म्हणजे पडद्यावरचे चित्र रंगवणारा भाग. ते बसवताना जावई दोन्ही हातांनी इतके अलगद धरत होता की जणू तान्हे बाळ आंघोळ करून आले आहे.

खेळ बस चालवण्याचा होता. डोंगरातला रस्ता, थांबे, चढणारे-उतरणारे प्रवासी. गचका बसला तर प्रवासी कुरकुरत आणि गुण कापले जात. तपासे संध्याकाळी पाच वाजता इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसत. शनिवारी तर ठिकठिकाणचे दहा-बारा निवृत्त चालक एकमेकांना जोडले जाऊन ताफ्याने गाड्या हाकत. टेबल जुन्या ऑफिसातून आलेले, दोन्ही बाजूंनी फळ्या मारलेले, पाठ भिंतीला. कॅबिनेट त्याच्याखाली फरशीवर. पेडल गुळगुळीत फरशीवर घसरत, म्हणून महिनाभराने कंटाळून तपाशांनी त्यांना मागून कॅबिनेटचाच टेकू दिला होता. ही युक्ती त्यांची स्वतःची होती.

पहिला महिना बरा गेला. दुसऱ्या महिन्यातल्या एका शनिवारी, उतारावरच्या तिसऱ्या वळणावर चित्र अडखळले. बस एका क्षणी रस्त्यावर होती, दुसऱ्या क्षणी कठड्यात. प्रवासी ओरडले. पडद्यावर लाल अक्षरात 'अपघात' असे आले आणि खाली आकडा: एक.

तपासे बराच वेळ त्या एकाकडे बघत बसले.

"मरू दे हो, खेळच आहे," बायको म्हणाली.

"ब्रेक वेळेवर मारला होता मी," ते म्हणाले. "गाडीने ऐकलं नाही."

रविवारी जावई आला. त्याने कॅबिनेट टेबलाखालून ओढून वर ठेवले, वायरी जोडल्या, की-बोर्डवरूनच बस दोन-चार किलोमीटर पळवली. पडद्याच्या कोपऱ्यात त्याने दोन आकडे उमटवले.

"हे बघा बाबा. हा पहिला आकडा म्हणजे एका सेकंदाला किती चित्रं दिसतात तो. एकशे चाळीसच्या आसपास असला की गाडी लोण्यासारखी जाते. पन्नासच्या खाली आला की अडखळते. आणि हा दुसरा, कार्डाचं तापमान. आता एकशे बेचाळीस आणि सदुसष्ट. मशीन ठणठणीत आहे."

मेकॅनिक गाडी ठणठणीत आहे म्हणाला की तपाशांचे कान टवकारत. तसे ते आताही टवकारले.

"मग काल काय झालं?"

"तेच बघायचंय. परत अडखळली की दोन्ही आकडे लिहून ठेवा. मला त्याचा उपयोग होईल."

तपाशांनी वही सुरू केली. डेपोतल्या फेरीपत्रकासारखे रकाने आखले: वार, वेळ, मार्ग, चित्रांचा आकडा, तापमान, शेरा. सोमवारी एकशे एकेचाळीस. मंगळवारी एकशे अडतीस. बुधवारी एकशे दहा. शुक्रवारी त्र्याहत्तर. शनिवारी अठ्ठेचाळीस, आणि पडद्यावर अपघात दोन. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी आजूबाजूच्या हालचाली टिपायला सुरुवात केली. 'शेजारचा मिस्तरी भिंतीला भोक पाडत होता.' 'वरच्या मजल्यावर कपडे धुण्याचे मशीन दोनदा फिरले.' 'ताफ्यातला एक चालक आपण मागे पडलो की हसण्याचे चित्र पाठवतो. त्याच्यावर लक्ष ठेवणे.'

जावयाने मशीन दोन दिवस दुकानात नेले. दिवसभर त्याला धाप लागेल अशा चाचण्या चालवल्या, आतले सगळे पुसून नव्याने भरले, मेमरीच्या पट्ट्या बदलून पाहिल्या. कुठे बोट ठेवायला जागा सापडली नाही. शनिवारी दुकान मिटल्यावर त्याने ते परत आणून टेबलाखाली ठेवले. रविवारी जेवताना त्याने विचारले, "आकडे लिहिलेत का, बाबा?"

"लिहिलेत."

"तापमानाचे?"

"तेही."

"बघू."

"वेळ आली की दाखवीन."

जावयाला ती गंमत वाटली. ती गंमत नव्हती. वही तोवर एका नव्या वळणावर आली होती. तपाशांनी आठवडे एकाखाली एक मांडले होते आणि त्यांना दिसले होते, की मशीन सोमवार-मंगळवार पळते आणि शनिवारपर्यंत लंगडते. प्रत्येक आठवड्यात हेच. आणि रविवारी घरी येते कोण? मुलगी आणि जावई. मनात पाल चुकचुकली ती तिथे.

डेपोत असा एक मेकॅनिक त्यांनी पाहिला होता. गाडी दुरुस्त करायचा, पण पुरती नाही. एक नट ढिला ठेवायचा, म्हणजे चार दिवसांनी त्यालाच बोलावणे यायचे आणि साहेबांपुढे त्याचे महत्त्व वाढायचे. त्याचे हसणेही असेच गोड होते.

"जावई रविवारी येतो, कशाला तरी हात लावतो, दोन दिवस चालतं, मग ढेपाळतं," त्यांनी बायकोला सांगितले. "कुठेतरी पाणी मुरतंय. मला तर वाटतं कार्डच वापरलेलं आहे. कुणाचं तरी जुनं, पुसून-बिसून घातलेलं."

"तुमचं आपलं काहीतरीच. स्वतःच्या सासऱ्याला जुनं कार्ड कशाला देईल तो?"

"सासऱ्यालाच देईल. परका माणूस बोभाटा करतो. सासरा बिचारा गप्प बसतो."

"तुम्ही गप्प बसताय?"

तपाशांनी ऐकले नाही असे दाखवले.

दुसऱ्या दिवशी ते भाजी आणायला म्हणून निघाले आणि कॉम्प्युटरच्या गल्लीत गेले. जावयाच्या कोपऱ्यावरून नव्हे, मागच्या बाजूने. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला एक जुना दुरुस्तीवाला होता. डोळ्याला भिंग लावून काम करायचा म्हणून त्याला सगळे भिंगवाला म्हणत. गल्लीत कोणाचे काम कसे, हे त्याने सांगितले की सांगितले.

"मशीन कोणी बांधलंय?" भिंगवाल्याने विचारले.

सांगायचे नाही असे ठरवून आले होते, तरी तपाशांच्या तोंडून निघाले. "जावयाने. तुमच्याच गल्लीतला."

"कोण, कोपऱ्यावरचा? काम स्वच्छ आहे त्याचं."

"वरून सगळंच स्वच्छ दिसतं. वापरलेलं कार्ड नवीन म्हणून घातलं तर बाहेरून कळतं का?"

भिंगवाल्याने भिंग कपाळावर सरकवले. दुकानात दोन गिऱ्हाइके होती. त्यांचे आपसातले बोलणे थांबले.

"कळतं की," भिंगवाला म्हणाला. "घेऊन या मशीन."

तपाशांनी ते लगेच नेले नाही. आधी चोर रंगेहाथ पकडायचा, मग पंचाकडे जायचे, असा त्यांचा क्रम होता. शनिवारी दुपारी त्यांनी पांढऱ्या कागदाच्या चार पट्ट्या कापल्या, प्रत्येकीवर सही आणि तारीख घातली आणि कॅबिनेटची काच जिथे जिथे उघडते त्या सांध्यांवर डिंकाने चिकटवल्या.

"आणि आजपासून या टेबलाखाली कोणी हात घालायचा नाही," ते म्हणाले. "केरसुणीसुद्धा नाही."

"ही सूचना कोणाला? घरात दोघंच आहोत आपण."

"दोघांनाही."

रविवारी जावई नेहमीप्रमाणे मशीन बघायला वाकला. त्याला पट्ट्या दिसल्या. त्याने एक सही वाचली, तारीख वाचली. मग तो सरळ उभा राहिला, बाहेर येऊन चहा प्यायला, हवापाण्याचे दोन शब्द बोलला आणि लवकर निघाला. मशीनचे नाव त्याने काढले नाही. तपाशांनी शेऱ्यात लिहिले: 'सील पाहून चेहरा उतरला.'

पण सोमवारी आकडा वर गेला नाही. पन्नास. मंगळवारी एकोणपन्नास. पुढच्या रविवारी जावई आलाच नाही, मुलगीही आली नाही. सोमवारी पुन्हा पन्नासच. पट्ट्या जशाच्या तशा होत्या, एकीचाही कोपरा उचललेला नव्हता. तपासे भिंग घेऊन त्या बघत बसले आणि गोंधळून गेले. घरात शिरला नाही तो चोर चोरी करतो कशी?

बुधवारी मुलगी एकटीच आली. चपला काढताना एक दाराकडे गेली, एक भिंतीकडे.

"बाबा, तुम्ही भिंगवाल्याकडे गेला होतात?"

"सहज गेलो होतो."

"सहज गेलात आणि सहज सांगून आलात, की याने तुम्हाला वापरलेलं कार्ड नवीन म्हणून दिलं."

"मी तसं म्हटलं नाही. मी विचारलं."

"गल्लीत विचारणं आणि सांगणं यात फरक नसतो. काल एक शिकवणीवाले सर आले होते. त्यांच्या क्लासची आठ मशीन हा बांधणार होता. ते म्हणाले, 'वाईट वाटून घेऊ नका, पण तुमच्या घरचेच असं म्हणतात म्हटल्यावर आम्ही काय करायचं.' याचं दुकान कशावर चालतं, तुम्हाला माहितीये? नावावर. दुसरं काही नाही त्याच्याकडे."

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तपासे खिडकीबाहेर बघत होते.

"त्याने काही म्हटलं का?" त्यांनी विचारले.

"तेच तर. काही म्हणत नाही. रविवारी नवीन कार्ड घेऊन येतोय, खोक्याचं सील तुमच्यासमोर फोडणार आहे. तुमचं समाधान झालं की विषय संपला म्हणतो. पण मी सांगते, मला हा विषय असा संपलेला नकोय. त्याने खोटेपणा केला असेल तर सिद्ध करा. नसेल, तर जिथे बोललात तिथे जाऊन निस्तरा. तोवर मला या घरात चहा नको."

खरोखरच ती चहा न घेता गेली. बायको दार लावून आली आणि दोन दिवस तपाशांशी फक्त कामापुरते बोलली.

शुक्रवारी सकाळी ती मटार सोलत बसली असताना तपासे वही घेऊन समोर येऊन बसले. पाने पुढे-मागे करू लागले.

"आणा ती इकडे," ती म्हणाली. "की मीही संशयित आहे?"

"नाही."

"विचार करून सांगा."

त्यांनी वही दिली. तिने हात पुसले आणि रकान्यांवरून बोट फिरवत वाचू लागली. सोमवार एकशे एकेचाळीस, शनिवार अठ्ठेचाळीस. सोमवार एकशे चाळीस, शनिवार बावन्न. तापमान सोमवारी अडुसष्ट, शनिवारी सत्त्याण्णव. शेजारच्या मिस्तरीचा शेरा वाचून ती स्वतःशीच हसली, मग शेवटच्या दोन पानांवर थांबली.

"ही पानं वेगळीच आहेत. इथे सोमवारीसुद्धा पन्नास."

"सील लावल्यापासून."

"म्हणजे कोणी हात लावला नाही, तरी बिघडलेलंच."

"तेच तर कळत नाही."

"हात लावल्यामुळे बिघडत नव्हतं मग. हात लावल्यामुळे चालत होतं."

"कोणाचा हात?"

"माझा," ती म्हणाली. "दर रविवारी सकाळी, मुलं यायच्या आधी, मी ते धूड वीतभर पुढे ओढते आणि मागचा केर काढते. इतकं जड आहे, की परत ढकलायचा कंटाळा येतो. तसंच सोडते. तुम्ही केरसुणीला बंदी घातलीत तेव्हापासून ओढलेलं नाही."

"मला कधी बोलली नाहीस."

"केर काढला हे तुम्हाला कधीपासून सांगायचं?"

तपासे उठले, गुडघे टेकून टेबलाखाली शिरले. कॅबिनेटची पाठ भिंतीला टेकली होती, मधे पोस्टकार्ड जायलाही जागा नव्हती. दोन्ही बाजूंना फळ्या, मागे भिंत. मशीन चालू करून त्यांनी थोडा वेळ बस पळवली आणि पुन्हा हात घातला. चढ चढून आलेल्या इंजिनाच्या बोनेटसारखा चटका बसला. आतली गरम हवा मागून बाहेर पडायची, तिला जायला वाटच नव्हती. तीच फिरून आत येत होती. कार्ड तापत होते आणि जीव वाचवायला आपला वेग कमी करत होते. त्यांनी कॅबिनेट वीतभर पुढे ओढले. पंधरा मिनिटांत आकडा एकशे एकोणचाळीसवर आला.

"पण मग हे मागे जातं कसं?" ते म्हणाले. "याला पाय आहेत?"

"तुम्ही चालवा. मी बघते."

ती बॅटरी घेऊन फरशीवर बसली. तपाशांनी खुर्ची मागे घेतली आणि गाडी काढली. पहिला थांबा आला. दुसरा आला.

"आता काय केलंत?" तिने खालून विचारले.

"थांबा आला. ब्रेक मारला."

"पुन्हा मारा."

त्यांनी मारला.

"सरकलं."

"किती?"

"तांदळाच्या दाण्याएवढं."

एकतीस वर्षे अकरा टनांची गाडी थांबवलेला पाय होता तो. खेळण्यातल्या पेडलला किती जोर पुरतो, हे त्याला कोणी शिकवले नव्हते. पेडलच्या मागे कॅबिनेट, कॅबिनेटच्या मागे गुळगुळीत फरशी. फेरीला चाळीस थांबे, रोज एक फेरी, दाणा दाणा करत शनिवारपर्यंत पाठ भिंतीला.

तपाशांनी मशीन बंद केले. शेऱ्याच्या रकान्यात काही लिहायला म्हणून पेन उघडले आणि परत टोपण लावले.

"आता?" बायकोने विचारले.

"आता काय. पुढे ओढलं, चालतंय."

"आणि रविवारी तो नवीन कार्ड घेऊन येणार आहे."

 पुढचे सगळे तपाशांना लख्ख दिसत होते. गप्प बसले तर जावई नवे कार्ड बसवेल, मशीन पळेल, मुलगी चहा घेईल. कोणाला काही कळणार नाही. एवढेच, की कार्ड बदलले म्हणजे आधीचे खोटेच होते, हे गल्लीत कायमचे पक्के होईल. आयुष्यभर इतरांच्या मनात काय शिजतंय हे हुंगत आलेल्या त्या माणसाला स्वतःच्या मनात काय शिजतंय ते त्या दिवशी कळले, आणि तो वास त्यांना आवडला नाही.

रविवारी दोघेही आले. मुलगी दाराशीच खुर्ची ओढून बसली. जावयाने पिशवीतून खोके काढून टेबलावर ठेवले.

"सील बघून घ्या, बाबा. तुमच्यासमोर फोडतो."

"फोडू नका," तपासे म्हणाले आणि वही त्याच्या हातात दिली. "हे वाचा आधी."

जावई उभ्यानेच वाचू लागला. दुसऱ्याच पानावर त्याचे बोट तापमानाच्या रकान्यावर थांबले.

"सत्त्याण्णव. हे तुम्ही दोन महिन्यांपूर्वी लिहिलंय."

"हो."

"मी मागितलं होतं."

"मागितलं होतंत."

"त्याच दिवशी दाखवलं असतंत, तर बसायच्या आधी सांगितलं असतं, की हवा कोंडतेय. माझ्याकडे चालवलं की सत्तरच्या वर जातच नव्हतं. मी वेड्यासारखा सगळं पुसून परत भरत बसलो."

ज्याच्यावर संशय त्याला पुरावा दाखवत नाहीत, हे वाक्य तपाशांच्या ओठांपर्यंत आले. ते त्यांनी गिळले आणि भिंत, फळ्या, ब्रेक, तांदळाचा दाणा, सगळे क्रमाने सांगितले. बायकोने केरसुणीचा भाग सांगितला. सांगून झाल्यावर तपासे म्हणाले, "तुमचं काम चोख होतं. चूक माझी."

जावई खाली वाकून पेडल बघून आला. "चूक माझीही आहे," तो म्हणाला. "दर वेळी मशीन वर काढून तपासलं. तुम्हाला चालवायला बसवून एकदाही पाहिलं नाही." मग म्हणाला, "पण बाबा, तुम्ही मला एकदा विचारायचं होतं."

"विचारलं होतं की, काय झालं म्हणून."

"नाही. विचारलं नाहीत. तपासलंत."

 जावयाने खोके पिशवीत परत ठेवले.

"हे मी उद्या परत देऊन टाकतो. पण भिंगवाल्याकडे जे गेलं ते कसं परत आणायचं? मी सांगितलं तर म्हणतील, स्वतःची वकिली करतोय."

"मी जाईन."

"कधी?" मुलीने दारातून विचारले.

"उद्या. दुकान उघडायच्या वेळेला."

सोमवारी तपासे पुढच्या बाजूने गल्लीत शिरले. भिंगवाला भिंग लावून एका पट्टीवर सोल्डरिंगचे टाके मारत होता. बाकावर एक गिऱ्हाईक बसले होते.

"आणलंत मशीन?"

"नाही. सांगायला आलोय. कार्ड नवीनच आहे, जावयाने दिलेलं काम चोख आहे. माझ्या पेडलच्या धक्क्याने डबा भिंतीला चिकटत होता, त्यामुळे तापत होतं. मागच्या वेळी बोललो ते चुकीचं बोललो."

भिंगवाल्याने भिंग वर केले आणि तपाशांकडे पाहिले. ती नजर तपाशांच्या चांगलीच ओळखीची होती. त्यांनी ती आयुष्यभर वापरली होती.

"जावयाने पाठवलं?"

"नाही."

"मग मुलगी रडली असेल."

"ती रडत नाही. भांडते."

गिऱ्हाईक हसले. भिंगवालाही हसला, पण डोळ्यांनी नाही. "हे बघा काका, घरचं भांडण मिटलं, चांगलं झालं. पण पेडलने मशीन स्लो होतं हे मी इतक्या वर्षांत ऐकलं नाही. माणूस घरच्यासाठी बोलतो, मी समजू शकतो."

"माझ्याकडे वही आहे. रोजचे आकडे आहेत."

"वहीचं काय, काल रात्री बसून लिहिता येते."

तपाशांना राग यायला हवा होता. तो आला नाही. समोरच्याचे काही चुकले, असे त्यांना म्हणताच येईना. त्याच्या जागी ते असते, तर त्यांनीही हेच म्हटले असते, कदाचित जास्त टोचून.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "माझ्या शब्दावर जाऊ नका. घरी चला. इथून तीन थांबे. कार्ड स्वतः काढा, नंबर बघा, डबा भिंतीला लावून बघा, काढून बघा."

"मला वेळ कुठे आहे?"

"दुकान कधी बंद करता?"

"एकला. जेवायला."

"मी बसतो."

ते बाकाच्या टोकाला बसले. साडेदहा वाजले होते. गिऱ्हाइके येत होती, जात होती. एकाने विचारले, हे काका कोण, तर भिंगवाला म्हणाला, "कोपऱ्यावरच्याचे सासरे. ते कार्डवाले." तपाशांनी मान हलवली. "तोच मी," ते म्हणाले. "आणि कार्ड नवीन आहे." ऐकणारा त्यांच्याकडे बघून, मग भिंगवाल्याकडे बघून निघून गेला. अकरा वाजता आलेल्या दुसऱ्याला त्यांनी न विचारताच सांगितले. बारा वाजता आलेल्या बाईंनी तर सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "पण मग तुम्ही आधी का तसं म्हणालात?" याचे उत्तर तपाशांनी खरे ते दिले. द्यायला वेळ लागला.

एक वाजता भिंगवाल्याने दिवा घालवला आणि जेवणाचा डबा हातात घेतला.

"अजून बसलाय तुम्ही?"

"म्हटलं होतं ना."

 भिंगवाल्याने डबा परत टेबलावर ठेवला, भिंग खिशात टाकले, एक बारीक स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि शटर ओढले.

"कार्ड जुनं निघालं, तर गल्लीत तसंच सांगेन हं, काका. तोंड बघून बोलत नाही मी."

"सांगा," तपासे म्हणाले. "आणि नवीन निघालं तर तेही याच आवाजात."

दोघे बसच्या थांब्याकडे निघाले.